बावन्न सांगितलं, पंचवीस लिहिलं: वर्गातलं काम शिक्षण परिषदेत कसं मांडावं

पहिल्यांदा जिल्ह्याच्या शिक्षण परिषदेत बोलायला उभा राहिलो तेव्हा माझ्याकडे ४६ स्लाइड होत्या आणि वेळ आठ मिनिटांचा. प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, संज्ञांच्या व्याख्या, दोन शासन निर्णय आणि एका थोर विचारवंताचा फोटो एवढं सांगून होईतो घंटा झाली. मी एकोणिसाव्या स्लाइडवर होतो. माझ्या वर्गातलं पहिलं मूल विसाव्या स्लाइडवर होतं.

खाली उतरलो तर शेजारच्या तालुक्यातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "सर, छान बोललात हो. पण मुलांचं पुढं काय झालं?"

तो प्रश्न डोक्यात बसला. नंतर बऱ्याच ठिकाणी बोललो, काही ठिकाणी इतरांचे सारांश वाचून निवड करायचंही काम वाट्याला आलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: समोर बसलेल्या शिक्षकाला सोमवारी आपल्या वर्गात काहीतरी करून बघता आलं पाहिजे. विषय, पुरावा, स्लाइड, वेळ हे सगळं त्या सोमवारच्या हिशेबानं ठरवायचं. खाली एकच उदाहरण धरून सगळं सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

आधी व्यासपीठ ओळखा

आपल्याकडे सगळ्यात जवळची जागा म्हणजे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. तिथं ऐकणारे लोक तुमच्या ओळखीचे, मुलं तशीच, अडचणीही त्याच. पहिलं सादरीकरण तिथंच करा. चुकलं तर चहाच्या वेळी कुणीतरी सांगतं आणि विषय संपतो. त्याच्यावर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं डाएट. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा असते, पण तिथं आधी लेखी अहवाल बघितला जातो, म्हणून परिपत्रकातले मुद्दे आणि शब्दमर्यादा जशीच्या तशी पाळायची. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांची अधिवेशनं असतात. आणखी पुढं जायचं असेल तर मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'एपिस्टेम' ही परिषद आहे. पहिली २००४ साली गोव्यात झाली. ती संशोधकांची परिषद. निबंध इंग्रजीत पाठवायचा असतो आणि तज्ज्ञ तो तपासून घेतात, तेव्हा तिथं जायचं तर सहा-आठ महिने आधीपासून तयारी हवी.

आणि एक प्रकार आहे जिथं जाऊच नका. पैसे भरा, शीर्षक पाठवा, तीन मिनिटं बोला, प्रमाणपत्र घ्या. कृषीपासून संगीतापर्यंत सगळे विषय एकाच दिवशी, एकाच सभागृहात. ओळखायची खूण सोपी: तुमचा सारांश पाठवल्यावर तासाभरात 'स्वीकारला' असं उत्तर आलं आणि त्याच्याखाली पैसे भरायचा कोड आला, तर तो सारांश कुणी वाचलेला नाही. सेवापुस्तिकेच्या फायलीत तो कागद शोभेल कदाचित. तुमच्या कामावर मात्र कुणी एक प्रश्नही विचारणार नाही.

विषय: जे खटकतं ते

"माझ्याकडे मांडण्यासारखं विशेष काही नाही," असं निम्मे शिक्षक म्हणतात. उरलेल्या निम्म्यांकडे 'गुणवत्ता विकास' असतो. दोघांचीही अडचण एकच, त्यांनी विषय फार मोठा समजला आहे.

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन घ्या. 'बावन्न' म्हणा. चार-पाच मुलं हमखास २५ लिहितील. आपण तांबडी फुली मारतो आणि पुढं जातो. आता क्षणभर मुलाच्या कानानं ऐका. 'बावन्न' या शब्दात आधी दोन ऐकू येतो, मग पन्नास. हात त्याच क्रमानं चालतो: आधी २, मग ५. मूल अगदी शिस्तीत वागलं आहे, गोंधळ शब्द आणि अंक यांच्या उलट्या क्रमाचा आहे. तिसावर गेलात की 'एकोण' आडवं येतं. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारं मूल 'तीस' आणि 'नऊ' असं दोन्ही बरोबर पकडतं, फक्त ते तिसाच्या अलीकडचं आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. त्यात नव्व्याण्णव आपलं वेगळंच. तिथं एकोणशंभर का नाही, हे विचारणारं मूल मिळालं तर त्याचं नाव लिहून ठेवा.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. विनोद झाले, अग्रलेख झाले. त्या सगळ्या आवाजात एक गोष्ट कमी ऐकू आली, ती म्हणजे वर्गातल्या वह्या. ती गोष्ट फक्त शिक्षकाकडे असते, आणि परिषदेत मांडायची ती हीच.

तर विषय 'दुसरीच्या विद्यार्थ्यांमध्ये संख्याज्ञान विकसित करणे' असा नको. 'दुसरीतली मुलं दोन अंकी संख्या ऐकून लिहिताना अंक कुठे उलटवतात, आणि लिहिण्याआधी दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या मांडल्यानं काय फरक पडतो' असा हवा. लांब आहे, पण ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. कृतिसंशोधन हा शब्द कर्ट लेविन यांच्या १९४६ च्या लेखापासून रूढ झाला आणि स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या पुस्तकात तो शाळेत आणला. तेव्हापासून त्याचा गाभा हाच आहे की शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण आपणच पद्धतशीर तपासायची. जगाला लागू पडेल असा निष्कर्ष काढण्याचं ओझं तुमच्यावर नाही.

पुरावा सुरुवातीपासून जमवा

इथं सगळ्यात जास्त घसरतं. उपक्रम जूनमध्ये सुरू होतो, परिषदेचं पत्र डिसेंबरात येतं, आणि मग 'पूर्वचाचणी' आठवणीतून लिहिली जाते. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. सगळे आकडे पाचाच्या पटीत असतात.

करायचं एवढंच. उपक्रमाच्या आधी वीस संख्यांचं एक श्रुतलेखन घ्या, कागदावर तारीख टाका, तपासा, पण मुलांना परत देऊ नका. फोटो काढून ठेवा. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पेन्सिलीचं लिहिलेलं पडद्यावर दिसत नाही, हे मला सभागृहात कळलं. मग सहा आठवड्यांनी त्याच वीस संख्या, क्रम बदलून. मधल्या काळात रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा चार-पाच ओळी लिहा: आज काय केलं, कोण अडलं, काय म्हणालं. मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत टिपा. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' या वाक्यातून कुणालाच काही मिळत नाही. 'सर, बावन्न म्हणताना पन्नास मागून का येतो?' यातून सगळं मिळतं.

टक्क्यांविषयी थोडं कडक बोलतो. वर्गात २४ मुलं असतील तर एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. '८७.५ टक्के प्रगती' असं लिहिलं की भारदस्त वाटतं, पण त्याचा अर्थ २४ पैकी २१ मुलं. मग २१ मुलंच म्हणा ना. आणि उरलेल्या तिघांचं काय झालं ते सांगा, कारण सभागृहातल्या प्रत्येकाच्या वर्गात ती तीन मुलं आहेत.

आणखी एक प्रामाणिकपणा लागतो. सहा आठवड्यांत मुलं तशीही शिकतात. सगळा फरक तुमच्या काड्यांनी पडला असं छातीठोक सांगता येणार नाही. शेजारची तुकडी असेल आणि तिथल्या बाई तयार असतील तर त्यांच्याकडेही तीच दोन श्रुतलेखनं घ्या. नसेल तर 'हा फरक केवळ या कृतीमुळे आहे असा माझा दावा नाही' हे वाक्य स्वतःच बोलून टाका. परीक्षक ते विचारणारच असतो. तुम्ही आधी बोललात की त्याचा नूर बदलतो.

सारांश लिहिताना

बहुतेक ठिकाणी २०० ते ३०० शब्दांचा सारांश मागतात. निवड करणारा माणूस एका बैठकीत असे तीस-चाळीस वाचतो. 'आजच्या स्पर्धेच्या युगात' किंवा 'शिक्षण ही काळाची गरज आहे' अशी सुरुवात असली की डोळे आपोआप चौथ्या ओळीवर जातात. मीही तेच केलं आहे. पहिल्याच ओळीत मूल आणा. एक छोटा नमुना देतो. आकडे मांडणी दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला:

'दुसरीच्या वर्गात "बावन्न" ऐकून २५ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. माझ्या वर्गातल्या २४ मुलांचं वीस संख्यांचं श्रुतलेखन घेतलं तेव्हा १५ जणांनी किमान एक संख्या उलटी लिहिली. चुका तपासल्यावर त्या दोन गटांत पडल्या: अंकांचा क्रम उलटणे आणि "एकोण"च्या संख्या पुढच्या दशकात जाणे. सहा आठवडे मुलांनी संख्या ऐकल्यावर आधी दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या मांडल्या, मगच अंक लिहिले. त्यानंतरच्या श्रुतलेखनात क्रम उलटणारी मुलं ५ राहिली. "एकोण"च्या चुका मात्र फारशा घटल्या नाहीत. सादरीकरणात मुलांच्या वह्यांचे नमुने, कृतीचे टप्पे आणि "एकोण"बाबत माझं काय चुकलं ते मांडेन.'

शेवटची दोन वाक्यं बघा. जे जमलं नाही ते सारांशातच सांगितलं आहे. असा सारांश मी तरी कधी बाजूला ठेवलेला नाही. निखळ यशाच्या चाळीस कहाण्यांत तो एकटा खरा वाटतो.

दहा मिनिटं

घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघा. मनात वाचलेलं धरू नका, मनात सगळेच वेगानं वाचतात. माझा वेग मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांचा आहे, म्हणजे दहा मिनिटांत हजारेक शब्द. त्यातलं एक मिनिट माईक नीट करण्यात आणि 'आवाज येतोय का' यात जातं. तेव्हा नऊचीच तयारी करा.

मान्यवरांची नावं घेण्यात वेळ घालवू नका. उद्घाटनात ती तीनदा घेऊन झालेली असतात. 'नमस्कार' म्हणा आणि थेट वहीचं पान पडद्यावर आणा. २५ लिहिलेलं पान दिसू द्या आणि विचारा, "मी काय सांगितलं असेल?" सभागृहातून 'बावन्न' असं उत्तर आलं की लोक तुमच्याबरोबर आले. तिथून पुढं तीन मिनिटं कृतीला द्या, आणि ती शक्य तर करून दाखवा. खिशातून काड्या काढा, रबरबँडनं बांधलेले पाच गठ्ठे डावीकडं ठेवा, दोन सुट्या काड्या उजवीकडं, मग बोट डावीकडून उजवीकडं फिरवत लिहा: ५, २. कानाला उलटं ऐकू येतं, डोळ्याला सुलटं दिसतं. हे दहा सेकंदांत कळतं, स्लाइडवर पाच ओळी लिहून कळत नाही. उरलेला वेळ काय बदललं आणि काय बदललं नाही याला. सिद्धांत, धोरण, व्याख्या यांना मिळून एक मिनिट, तेही लागलंच तर.

स्लाइड दहा-बारा पुरतात. अक्षरं मोठी, मागच्या रांगेतून वाचता येतील एवढी. २८ च्या खाली जाऊ नका. आता एक तांत्रिक गोष्ट, जिनं माझ्या डोळ्यांसमोर भल्याभल्यांचा घात केला आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला, तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एका परिषदेत एक सर शीर्षकापासूनच अडकले. बिचारे पाच मिनिटं पडद्याकडं पाठ करून आठवणीतून बोलले, आणि खरं सांगायचं तर त्या सत्रातलं तेच सर्वांत चांगलं भाषण झालं. तरी तुम्ही तो धोका पत्करू नका. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ प्रत काढा, पेनड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःच्याच ईमेलवरही पाठवून ठेवा. व्हिडिओ असेल तर वीस-तीस सेकंदांचा. आवाज येणार नाही असं गृहीत धरा आणि मुलाचं बोलणं खाली लिहून ठेवा. सत्राच्या आधी, चहाच्या वेळी, त्यांच्याच संगणकावर एकदा उघडून बघा.

भित्तिपत्रक लावायचं असेल तर आकार आयोजकांना विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ए-शून्य मागतात, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. आडवं की उभं हेही विचारा. मजकूर कमी, वह्यांचे फोटो मोठे. समोर टेबल मिळालं तर काड्यांचा डबा ठेवा. लोक हात लावायला थांबतात, वाचायला फारसे थांबत नाहीत.

मुलांचे चेहरे आणि नावं

वहीवरचं नाव पट्टी लावून झाका. बोलताना नाव बदला, आणि गाव लहान असेल तर ओळख पटेल असे घरचे तपशीलही गाळा. 'या मुलाचे वडील दारू पितात' असलं वाक्य सभागृहात करुणा मिळवतं, पण त्या सभागृहात त्याच गावचा कुणी बसलेला असू शकतो. फोटो-व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि पालकांच्या संमतीवर भर आहे. पण कायदा बाजूला ठेवा, पालकसभेत पाच मिनिटं सांगितलं तर बहुतेक आया खुशीनं सही करतात आणि वर विचारतात, "माझ्या पोराची वही दाखवणार का?" जी नको म्हणेल तिच्या मुलाची वही दाखवायची नाही, कारण विचारायचं नाही. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. तो दिवस रजा न धरता कर्तव्यावर धरण्यासाठीचं पत्र परिषदेच्या आदल्या दिवशी मागत बसू नका.

प्रश्न आले की

प्रश्नांची भीती वाटते, पण एकही प्रश्न न येणं जास्त वाईट. एकदा मला असा संवाद झेलावा लागला:

"सर, वर्गात मुलं किती?"

"चोवीस."

"माझ्याकडं सत्तेचाळीस आहेत, आणि पहिली-दुसरी एकत्र. काड्या वाटेपर्यंत तास संपतो. मग?"

सभागृह हसलं. मी आधी 'इच्छा असली की मार्ग निघतो' छापाचं काहीतरी म्हणणार होतो. तेवढ्यात शहाणपण सुचलं आणि म्हटलं, "मॅडम, एवढ्या मुलांत मी हे केलेलं नाही. तुम्ही काय कराल?" त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की त्या चौघांना मिळून एक संच देतील आणि गठ्ठे एकानं, सुट्या काड्या दुसऱ्यानं ठेवायच्या असं करतील. माझ्या कृतीपेक्षा ते बरं होतं. पुढच्या वर्षी मी तसंच केलं.

उत्तर माहीत नसेल तर 'हे मी तपासलेलं नाही' म्हणून थांबा. काही जण प्रश्न विचारत नाहीत, स्वतःचं भाषण करतात. त्यांना 'धन्यवाद सर, नोंद घेतो' म्हणा आणि पुढच्या हाताकडं बघा. सगळे प्रश्न त्याच दिवशी वहीत लिहून काढा, परतीच्या एसटीत बसल्याबसल्या. पुढच्या वर्षीचा विषय बहुधा त्यातच असतो. मला 'एकोण'चा विषय असाच मिळाला.

हातात द्यायचा एक कागद

भाषण विसरलं जातं, कागद राहतो. पाठपोट एकच पान करा: पुढं कृतीचे टप्पे, मागं साधन. आमच्या उदाहरणात साधन म्हणजे श्रुतलेखनाच्या वीस संख्या. त्या अशा निवडल्या आहेत.

उलटल्या तर लगेच ओळखू येतील अशा जोड्या: २५ आणि ५२, ३६ आणि ६३, ४७ आणि ७४, १८ आणि ८१, १२ आणि २१. सांगताना जोडी लागोपाठ सांगायची नाही. 'एकोण'च्या सहा: २९, ३९, ४९, ५९, ७९, ८९. मग ९९, तो वेगळा बघायचा. आणि ४०, ६६, ७०. या शेवटच्या तिघांत ६६ महत्त्वाचा, कारण तो उलटा लिहिताच येत नाही. तिथंही मूल चुकलं तर त्याची अडचण अंकांच्या क्रमाची नाही, 'सहासष्ट' हा शब्दच त्याच्या ओळखीचा झालेला नाही. त्याला काड्या देण्याआधी संख्यांची नावं ऐकवायला हवीत.

कागदाच्या तळाशी शाळेचा ईमेल लिहा आणि ओळ टाका: 'तुमच्या वर्गात घेऊन बघा, चुकांचे फोटो पाठवा.' शंभर कागद वाटले तर दोन-तीन जण पाठवतात. मला पहिला फोटो आला तो एका वाडीवरच्या शाळेतून. सतरा मुलं, आणि ६६ च्या जागी चौघांनी ७६ लिहिलेलं.